मिठागरातला ठिपका

काळजी करण्याचं खातं आमच्या घरात लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे. नवऱ्याकडे मतं असतात, मुलीकडे वेळ नसतो, उरलेलं सगळं मी बघते. त्यामुळे मुलीला कामणच्या एका गोदामात नोकरी लागली आणि ती विरारहून रोज स्कूटरवर जाऊ-येऊ लागली, तेव्हा मी काय करणार हे घरात सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. "आई, आत्ताच सांगते, पोचल्यावर रोज फोन वगैरे करणार नाही," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनंच माझा मोबाइल घेतला, त्यातला तो सगळे वापरतात तो मोठ्या कंपनीचा नकाशा उघडला, काहीतरी दाबलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "ही बघ मी. मी कुठे आहे ते तुला आता कायम दिसेल. खूश?"

नकाशावर तिच्या फोटोचा नखाएवढा गोल होता. मी त्याला ठिपकाच म्हणायचे. सकाळी ती निघाली की ठिपका आमच्या गल्लीतून बाहेर पडायचा, विरार फाट्याला हायवेला लागायचा, चिंचोटीला डावीकडे वळायचा आणि कामणला जाऊन थांबायचा. मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. समोर पालक दाखल्यासाठी उभे असायचे आणि माझं अर्धं लक्ष टेबलाच्या खणात ठेवलेल्या मोबाइलवर असायचं. हायवेवरच्या कंटेनरवाल्यांना स्कूटर नावाची वस्तू दिसते की नाही याची मला अजून शंका आहे. चिंचोटीच्या वळणावर ठिपका जरा जास्त वेळ थांबला की मी पालकांवर खेकसायचे. तो पुन्हा हलला की मी पालकांशी एकदम गोड बोलायला लागायचे.

एकदा ठिपका तुंगारेश्वरच्या डोंगरात दिसला, ऐन जंगलात. मी घाबरीघुबरी होऊन फोन लावला, तर बाईसाहेब गोदामाच्या कॅन्टीनमध्ये डबा खात होत्या. "अगं, नेटवर्कचा घोळ असतो कधीकधी," ती म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. मला राग आला, पण ठिपका बघायचं काही मी सोडलं नाही.

तिच्या बाबांना हा प्रकार पहिल्यापासून पटत नव्हता. ते आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतात आणि सुट्टीच्या दिवशी, बदल म्हणून, नकाशेच काढतात. त्यांचा तो लोकांचा नकाशा आहे. ओपन सोर्स, असं ते म्हणतात. जगभरातली माणसं आपापल्या गावातले रस्ते, विहिरी, नळ, पायवाटा त्यात घालतात, चुका सुधारतात, आणि कुणीही तो वापरावा. त्यावर चालणारं ॲपही तसंच, कुणाच्या मालकीचं नाही. रविवारी ते डोक्यावर टोपी घालून, हातात मोबाइल धरून नंदाखाल, निर्मळ, आगाशीच्या गल्ल्यांतून फिरतात. कुठल्या वळणावर क्रूस आहे, कुठल्या वाडीत बावखल आहे, म्हणजे ते गोड्या पाण्याचं तळं, कुठल्या दोन कुंपणांमधून फक्त माणूस जाऊ शकतो, हे सगळं ते नोंदवत जातात. सुरुवातीला एक-दोनदा मीही गेले. रविवारी माणसं नारळीच्या सावलीत गारव्याला बसतात, मी नवऱ्याच्या मागे कुंपणं मोजत फिरले. तिसऱ्या रविवारी माझं डोकं दुखायला लागलं.

पण त्यांचं खरं होतं, हे मला मान्य करावं लागेल. नंदाखालला एका केळीच्या वाडीत जाणारी चिंचोळी गल्ली कंपनीच्या नकाशात समुद्रावर जाणारा रस्ता म्हणून दिसायची. मुंबईच्या मोटारी त्यात शिरायच्या आणि दोन भिंतींमध्ये अडकायच्या. वाडीवाल्यानं शेवटी कंटाळून पाटी लावली होती, 'तुमचा मोबाइल चुकतो आहे. पुढे माझं घर आहे.' तिच्या बाबांनी तिथेच उभं राहून आपल्या नकाशात ती गल्ली दुरुस्त केली. कंपनीला त्यांनी किती वेळा कळवलं ते विचारू नका. "तिकडे कुणी वाचत तरी असेल का?" ते म्हणायचे. "हा नकाशा आपण पायांनी केलाय. ते खुर्चीत बसून आकाशातून बघतात."

आणि मग एका संध्याकाळी, मी ठिपक्याकडे बघत चपात्या लाटत असताना, ते म्हणाले, "हा ठिपका तू एकटीच बघतेस असं वाटतं का तुला?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती कुठे जाते, किती वेळ थांबते, कुठल्या दुकानात शिरते, हे सगळं त्या कंपनीकडे जमा होतंय. तू आपल्या मुलीचा पत्ता त्यांना रोज देतेस."

तोपर्यंत मला एक काळजी होती. त्या दिवसापासून दोन झाल्या. चपाती जळली ती वेगळीच.

मुलीनं बाबांची बाजू घेतली. पण तिचं कारण निराळं होतं, आणि ते मला जास्त लागलं. "आई, मला सारखं वाटतं माझ्या मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय," ती म्हणाली. "चहाला थांबले तरी तुझा मेसेज येतो, का थांबलीस?" मी म्हटलं, मी फक्त दोनदा विचारलं असेल. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग तिनं ठिपका बंद केला आणि बाबांचं ॲप मोबाइलमध्ये घेतलं. त्याचा आख्खा नकाशा एकदाच उतरवून ठेवायचा, मग रेंज असो-नसो, तो चालतो आणि आपण कुठे आहोत ते कुणालाही सांगत नाही. बापलेक दोघं सोफ्यावर बसून ते करत होते आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला हाकलून दिल्यासारखं वाटलं. त्यानंतरही कित्येक दिवस मी सवयीनं कंपनीचा नकाशा उघडायचे. विरार फाटा असायचा, चिंचोटी असायची, सगळे रस्ते असायचे आणि ती नसायची.

आता त्या दिवसाचं सांगते. सर्वपित्री अमावास्या होती. दिवाळी जवळ आल्यामुळे गोदामात कामाचा डोंगर होता, तरी आजी-आजोबांच्या पानाला घरी असायचं म्हणून मुलीनं अर्धा दिवस मागून घेतला होता. तिच्या बाबांनीही रजा घेतली होती. माझं सकाळपासून वडे, खीर, भोपळ्याची भाजी, कढी असं चाललं होतं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं काम दरवर्षी तिचे बाबा करतात. पान वाढून झालं आणि तेवढ्यात मुलीचा मेसेज आला. 'चिंचोटीला कंटेनर आडवा झालाय, रस्ता बंद आहे. मिठागरातल्या बाबांच्या पायवाटेनं येते. वाढायला घ्या.'

तिच्या बाबांचा चेहरा असा फुलला की मला आधी हसूच आलं. त्यांनी पान ओट्यावर ठेवलं आणि मोबाइल काढून मला दाखवायला लागले. कामणच्या खालच्या बाजूनं, मिठागरांच्या बांधांवरून एक तुटक तपकिरी रेघ जूचंद्रच्या दिशेला निघत होती. "ही मी घातलेली. कुठल्याही कंपनीला माहीत नाही ही," ते म्हणाले. "मोटारसायकली जातात. मी स्वतः पूर्ण चाललोय."

मी रेघेकडे बघितलं. रेघेच्या एका बाजूला मिठागरं होती आणि दुसऱ्या बाजूला खाडी.

"कधी चाललात?"

"मे महिन्यात. दुपारी. खडखडीत कोरडा होता बांध."

"तिथी काय होती?"

ते हसले. "नकाशाला तिथी लागते होय?"

त्यांचा जन्म साताऱ्याकडचा. तिकडे पाणी विहिरीत असतं, नदीत असतं आणि जिथे असतं तिथेच राहतं. माझं माहेर अर्नाळ्याचं. आमच्या घरी वडिलांची होडी होती, आणि पाणी कधी येणार, कधी जाणार यावर जेवणाच्या वेळा ठरायच्या. अष्टमीच्या आसपास खाडी दुपारी आटते आणि भरती आली तरी जेमतेम येते. अमावास्या-पौर्णिमेला तीच खाडी ऐन दुपारी फुगते. आणि पावसाळा सरताना जी उधाणं येतात ती वर्षातली मोठी. हे मला कुणी शिकवलं नाही, आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं. एवढी वर्षं विरारच्या तिसऱ्या मजल्यावर राहून मी ते विसरलेही होते. ओट्यावर कावळ्याचं पान होतं, भिंतीवर कालनिर्णय होतं, आणि बारा वाजायला आले होते.

मुलीला फोन लावला. लागत नव्हता. माझ्या भावाला लावला, तो अजून अर्नाळ्यालाच असतो, होडी तोच बघतो. त्याला सगळं सांगितलं.

"आज मोठं उधान हाय गो," तो म्हणाला. "खाडीत आत जायला पानी जरा टाइम घेल, पन येल. जुने बांध हायेत ते, कुठं फुटलेले असतील कोनाला ठाव. पोर तिकडं कशाला गेली?"

मी फोन ठेवला आणि वळले. तिचे बाबा तिथेच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर ती दिसतेय का बघ."

मला संताप आला. "कशी दिसेल? तुम्हीच बंद करायला लावलंत ना?" मी ओरडले. नंतर ओरडायला वेळ नव्हता. वाढलेली पानं तशीच ठेवून आम्ही खाली उतरलो आणि रिक्षा पकडली.

हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात अडकलो. त्याच आडव्या कंटेनरची ती रांग होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची रिक्षा. मी दर मिनिटाला फोन लावत होते आणि ती बाई दर मिनिटाला मला सांगत होती की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती वगैरे. मी कंपनीचा नकाशा उघडला. त्यात ती पायवाट नव्हतीच. मिठागरांच्या जागी नुसता फिका रंग होता, एकही रेघ नाही. कंपनीला तो बांध माहीत नव्हता म्हणून कंपनीनं तिला तिथे कधीच पाठवलं नसतं. तिच्या बाबांना तो माहीत होता. ते खरंच चालले होते, खोटं काहीच नव्हतं त्यात, आणि नेमकं म्हणूनच ती आत शिरली होती. हे मी मनात म्हटलं, बोलून दाखवलं नाही.

शेजारी ते मोबाइलवर वाकून काहीतरी करत होते. दोन-तीनदा चुकीचं दाबलं गेलं. मला वाटलं पोलिसांचा नंबर शोधतायत. मग त्यांनी मान वर केली. "पुसली," ते म्हणाले. "पायवाट पुसून टाकली. आता दुसरं कुणी जाणार नाही."

"आणि ती?"

त्यांनी पुन्हा मोबाइलकडे बघितलं. मग म्हणाले, "तिनं नकाशा उतरवून ठेवलाय. तिच्या मोबाइलमध्ये जुनाच आहे."

जगातल्या सगळ्यांसाठी त्यांनी ती रेघ एका मिनिटात पुसली होती. फक्त आमच्या मुलीच्या मोबाइलमध्ये ती तशीच होती आणि तिला सांगत होती, सरळ जा. मला रिक्षातून उतरून धावत सुटावंसं वाटलं, पण कुठे धावणार? त्यांनी माझा हात धरला. 

"किती वेळ राहील पाणी?" त्यांनी विचारलं.

"अजून चढेल. मग थोडा वेळ नुसतं उभं राहील. मग उतरेल."

"मग उतरेल ना?"

"उतरेल," मी म्हटलं. पाणी उतरतं यात मला शंका नव्हती. उतरल्यावर काय दिसतं, याची भीती होती. लहानपणी आमच्या किनाऱ्यावर मी एकदा ते बघितलंय, आणि त्या रिक्षात मला ते सारखं आठवत होतं.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही, घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. रांग थोडी पुढे सरकली, पुन्हा थांबली. रिक्षावाला आमच्याकडे वळून बघायचा आणि परत पुढे बघायचा. त्यानं रेडिओ आपणहून बंद केला होता. आणि मग माझ्या हातातला मोबाइल वाजला, तिचाच नंबर.

"आई, ओरडू नकोस," ती म्हणाली.

मी ओरडले नाही. मी मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

ती बांधावर बरीच आत गेली होती. पुढे एका जागी बांध खचलेला होता आणि खाडीचं पाणी मिठागरात घुसत होतं. वळावं म्हणून मागे बघितलं तर मागेही पाणी बांधावर आलेलं. स्कूटर तिथेच टाकून ती गुडघाभर पाण्यातून एका पडक्या खोलीपर्यंत गेली. मिठागरवाल्यांची जुनी खोली होती, तिचं जोतं उंच होतं. त्या जोत्यावर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मोबाइलला रेंज नव्हती. "बाबांचं ॲप मात्र छान चालू होतं," ती म्हणाली आणि हसायला गेली आणि रडायला लागली. "मी पाण्यात उभी आणि ते सांगतंय, सरळ जा, सरळ जा." पाणी जोत्याला लागलं आणि तिथे थांबलं. ते उतरायला लागल्यावर ती चिखलातून चालत पुन्हा कामणला गेली, तिथून फोन करत होती.

आम्ही तिला घेऊन घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. स्कूटर दुसऱ्या दिवशी काढली, तिच्या इंजिनात खाडी गेली होती. कावळ्याचं पान त्या वर्षी संध्याकाळी ठेवलं गेलं. तिच्या बाबांनी ते गच्चीवर ठेवलं आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

जेवताना मी म्हटलं, ठिपका असता तर निदान कळलं तरी असतं. मुलीनं वडा हातातच धरला. "काय कळलं असतं आई? मी पाण्याच्या मधोमध उभी आहे, हे कळलं असतं. तुला रिक्षात बसून ते बघत बसायचं होतं?" मी तिच्या पानात आणखी एक वडा वाढला.  पण जेवण झाल्यावर तिनं माझा मोबाइल घेतला आणि ठिपका पुन्हा चालू करून दिला. तिचे बाबा समोरच बसले होते. कंपनीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. नकाशा उघडून बसले होते. ती पायवाट त्यांनी पुन्हा काढली होती. "लोक जातात तिथून, नाही म्हणून चालणार नाही," ते म्हणाले. "पण सोबत काय लिहू ते तू सांग." मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं, 'अमावास्या-पौर्णिमेला दुपारी भरतीचं पाणी बांधावर येतं. जाऊ नये.' मग त्यांनी किनाऱ्याजवळच्या आपल्या सगळ्या पायवाटा एकेक करून उघडल्या आणि मला विचारत बसले, इथे पाणी येतं का? इथे? बऱ्याच ठिकाणी मला माहीत नव्हतं. दर वेळी मी 'माहीत नाही' म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

मुलगी आता मुख्य रस्त्यानंच जाते, कितीही गर्दी असो. ठिपका रोज विरार फाट्याला जातो, चिंचोटीला वळतो, कामणला थांबतो. मला पूर्वी तो तिथे थांबला की सुटल्यासारखं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

कोजागिरीच्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी दूध किती घ्यायचं याचा विचार करत होते तेवढ्यात तिच्या बाबांचा फोन आला. कामाच्या वेळी ते कधीच फोन करत नाहीत.

"तिचा ठिपका मघापासून हललेला नाही," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. "तुम्हाला कुठे दिसतोय ठिपका?"

"मागून घेतला मी तिच्याकडून. कंपनीचं ॲप टाकलंय," ते पुटपुटले. "ते जाऊ दे. हलत नाहीये ती."

"अहो, कामणलाच आहे ना? गोदामात असेल. काम करतेय ती."

"हो. गोदामातच दाखवतंय." मग त्यांनीच विचारलं, "पण आज पौर्णिमा आहे ना?"

समोर एक पालक दाखल्यासाठी उभे होते. मी त्यांना हातानं थांबायला सांगितलं आणि टेबलाचा खण ओढला. ठिपका कामणला होता. बारा वाजत आले होते.

"फोन ठेवू नका," मी म्हटलं.